मुलांचा मायनस नंबर पळत सुटलाय? लेन्सने तो आवरायचा कसा

दर सहा महिन्यांनी नवा चष्मा, दर वेळी अर्धा-पाऊण नंबर जास्त, आणि "वाढीचं वय आहे, वाढणारच" हे ऐकून घरी यायचं. वाढणार हे खरंय, पण किती वाढू द्यायचा हे आता बऱ्यापैकी आपल्या हातात आलंय आणि तेच अजून बऱ्याच आईबाबांपर्यंत पोचलेलं नाहीये. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी, लहान मुलांना कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं आणि ती घालायला-काढायला शिकवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जे सांगतेय ते टेबलासमोर बसलेल्या मुलांकडे बघून सांगतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नंबर वाढतो म्हणजे डोळा लांबीने वाढतो. जन्मताना डोळा साधारण १६-१७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २३-२४ च्या आसपास येऊन थांबतो. ज्या मुलांचा तो थांबत नाही त्यांचं लांबचं दृश्य डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावर न पडता पडद्याच्या अलीकडेच फोकस होतं, फळा धूसर, बसचा बोर्ड धूसर. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर. आणि लांबलेला डोळा परत आखूड होत नाही, मोठेपणी लेसर करून चष्मा गेला तरी तो बुबुळाचा आकार बदलून गेलेला असतो, आतला पडदा ताणलेला तो ताणलेलाच. मायनस ६ च्या पुढे गेलेल्या लोकांना पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, पडद्याच्या मध्यभागाची झीज, काचबिंदू यांचा धोका जास्त का असतो त्याचं कारण हेच आहे. म्हणून मायनस ५ वर थांबणं आणि मायनस ८ वर थांबणं यात फरक फक्त काचेच्या जाडीचा नाहीये हो, म्हणून मी यासाठी एवढी जीव तोडून बोलते.

साधा चष्मा काय करतो, समोरचं स्पष्ट करतो. पण पडद्याच्या कडेला पडणारं चित्र बऱ्याचदा पडद्याच्या मागे जातं आणि वाढत्या डोळ्याला तो "अजून लांब हो" असा निरोप मिळतो, असं आता मानतात. नंबर रोखणाऱ्या लेन्समध्ये मधोमध मुलाचा नेहमीचा नंबर असतो आणि त्याच्या भोवती गोल कडी असतात ज्यांची पॉवर वेगळी असते, त्यामुळे थोडा उजेड पडद्याच्या पुढे फोकस होतो आणि वाढीचा निरोप मंदावतो. मुलाला नीट दिसतं आणि उपचारही चालू राहतो. दुकानात मिळणारी साधी कॉन्टॅक्ट लेन्स हे करत नाही बरं का, त्यावर नीट अभ्यास झालेत, साध्या लेन्सने नंबर चष्म्यासारखाच वाढत राहतो. "आमच्या मुलीला लेन्स लावल्या तरी नंबर वाढला" म्हणणाऱ्यांना मी पहिलं हेच विचारते, की लेन्स कुठली होती.

किती फरक पडतो? मायसाइट वन डे नावाची रोज फेकायची लेन्स आहे, तिचा तीन वर्षांचा अभ्यास सिंगापूर, कॅनडा, इंग्लंड आणि पोर्तुगालमधल्या ८ ते १२ वयाच्या मुलांवर झाला. साध्या लेन्सवाल्या मुलांचा नंबर तीन वर्षांत सरासरी १.२४ ने वाढला, या लेन्सवाल्यांचा ०.५१ ने. डोळ्याची लांबी एका गटात ०.६२ मिमी वाढली, दुसऱ्यात ०.३०. त्यावरून अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिला नंबर मंदावण्यासाठी परवानगी दिली. दुसरा मोठा अभ्यास अमेरिकेतला, ब्लिंक नावाचा, २०२० साली आला, त्यात चाळिशीवाल्यांसाठी असतात तशा मल्टिफोकल लेन्स ७ ते ११ वयाच्या मुलांना लावल्या, जास्त ॲडवाल्या, म्हणजे जवळसाठीची जादा पॉवर जास्त असलेल्या, लेन्सने तीन वर्षांत वाढ १.०५ वरून ०.६० वर आली. म्हणजे साधारण निम्म्यावर. थांबतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, मंदावतो, आणि प्रत्येक मुलात सारखा मंदावत नाही.

कुणाला लावायची

माझ्या मते तीन गोष्टी जमत असतील तरच. नंबर खरोखर वाढतोय हे कागदावर दिसतंय, मूल स्वतः तयार आहे, आणि घरात हात धुण्याची शिस्त आहे. वय तेवढं महत्त्वाचं नाही जेवढं लोकांना वाटतं. एफडीएची परवानगी ८ ते १२ मध्ये सुरुवात करायला आहे आणि आठ वर्षांचं मूल लेन्स घालायला व्यवस्थित शिकतं, कित्येकदा चौदा वर्षांच्या दादापेक्षा जास्त नीट, कारण सांगितलेलं तसंच्या तसं करतं. जितक्या लहानपणी सुरू कराल तितका फायदा जास्त, कारण वेग लहानपणीच जास्त असतो. आई किंवा बाबांना मायनस नंबर असेल आणि मुलाला आठव्या वर्षीच चष्मा लागला असेल तर थांबून बघूया वगैरे करू नका.

मायसाइटचा अभ्यास मायनस ०.७५ ते मायनस ४ पर्यंतच्या मुलांवर होता आणि तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, ०.७५ पर्यंतच. सिलिंडर जास्त असेल तर ही लेन्स नीट दिसू देत नाही, मग दुसरे मार्ग बघायचे. सतत डोळे चोळणारी, ॲलर्जीने डोळे लाल असणारी मुलं, पापण्यांच्या मुळाशी कोंडा असणारी मुलं, यांची आधी ती तक्रार बरी करायची आणि मग लेन्स.

तपासणीला जाताना मागचे सगळे चष्म्याचे कागद घेऊन जा, निदान दोन वर्षांचे, वाढीचा वेग त्यावरून कळतो. मुलांचा नंबर ड्रॉप्स टाकून, डोळ्याचं फोकस ढिलं करून काढायचा असतो, नाहीतर मूल जोर लावून बघतं आणि नंबर खोटाच जास्त येतो. ड्रॉप्सनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका. आणि डोळ्याची लांबी मोजायला सांगा. एक मशीन असतं, हनुवटी टेकवायची, दिव्याकडे बघायचं, काही सेकंदात होतं, दुखत नाही, डोळ्याला स्पर्शही होत नाही. हा आकडा लिहून घ्या, दोन्ही डोळ्यांचा, तारखेसकट. पुढे उपचार चालतोय की नाही हे नंबरपेक्षा या आकड्यावरून लवकर कळतं. जिथे लांबी मोजायची सोयच नाही तिथे नंबर रोखायचा उपचार सुरू करावा असं मला वाटत नाही, निदान मोजणी तरी दुसरीकडून करून आणा.

पैशाचं आधीच बोलून घ्या. रोज एक जोडी म्हणजे वर्षाला ७३० लेन्स, आणि हे एक वर्ष नाही तर अनेक वर्षं चालणार. सहा महिन्यांनी परवडत नाही म्हणून बंद करण्यापेक्षा आधी नीट हिशोब करून, नाही जमत तर दुसरा उपाय निवडणं केव्हाही बरं.

घालायची कशी, काढायची कशी

मी आधी काढायला शिकवते. घालता आली आणि काढता आली नाही तर रात्री घरात रडारड होते, आई घाबरते, मूल घाबरतं आणि सगळं तिथेच संपतं. म्हणून मुलाला स्वतःच्या हाताने काढता येईपर्यंत लेन्स घरी द्यायची नाही हा माझा नियम.

नखं कापलेली हवीत, अगदी मुळाशी. साध्या साबणाने हात धुवायचे, क्रीमवाला किंवा तेलकट साबण नको, बोटांच्या मध्ये, अंगठ्याच्या मागे, मग स्वच्छ धुतलेल्या कापडाने पूर्ण कोरडे. पंच्याचे धागे बोटाला चिकटतात आणि मग डोळ्यात टोचतंय टोचतंय चालू होतं, त्यासाठी पातळ सुती कापड वेगळंच ठेवा, आठवड्यातून दोनदा धुवा. डोक्याला तेल लावायचं असेल तर लेन्स घातल्यानंतर नाही, आधी तेल, मग हात धुणं, मग लेन्स. आणि जेवणात ठेचा असेल, मिरची चिरली असेल तर एकदा धुवून भागत नाही, हे ज्याच्या डोळ्यात गेलंय त्याला विचारा. बेसिनपाशी उभं राहून घालू नका. टेबलावर स्वच्छ रुमाल पसरा, त्यावर आरसा आडवा ठेवा, मूल आरशात खाली बघेल असा. लेन्स पडली तर रुमालावर पडते.

नेहमी उजवा डोळा आधी, रोज, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने उजेडात बघायची, कडा वाटीसारख्या सरळ वर गेलेल्या असतील तर बरोबर, बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी झालीय, परत पलटवायची. फाटलेली, चिरलेली वाटली तर विचार न करता फेकायची.

उजव्या तर्जनीवर लेन्स, त्याच हाताचं मधलं बोट खालची पापणी खाली ओढतं, आणि डाव्या हाताचं बोट डोक्यावरून आणून वरची पापणी थेट तिच्या केसांच्या मुळापाशी धरायची. इथेच सगळी मुलं चुकतात, पापणी वर भुवईपाशी धरतात आणि मग डोळा मिटला की लेन्स केसांना लागून गळते. मागे सहावीतला एक मुलगा होता, त्याच्या पापण्यांचे केस एवढे लांब की लेन्स प्रत्येक वेळी तिथेच अडकायची, आणि शेजारी बसलेली आई दर वेळी "थांब मी करते" म्हणून हात पुढे करायची. आईला बाहेर चहाला पाठवलं, त्याला सांगितलं की वरचे केस बोटाखाली दाबून धर आणि लेन्सकडे बघू नकोस, आरशातल्या स्वतःच्या बुबुळाकडे बघ. पुढच्याच खेपेला गेली. आईबाबांनो, शेजारी बसा, पण हात मांडीवर ठेवा. मूल स्वतः करेल तेव्हाच ते शाळेत, सहलीला, मामाकडे गेल्यावर करू शकेल.

लेन्स टेकली की लगेच पापण्या सोडायच्या नाहीत, आधी खालची हळू, मग वरची, मग डोळा मिटून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे बघायचं, हवेचा बुडबुडा निघून जातो. थोडी जाणीव होते, दुखत नाही. दुखतंय म्हणजे काहीतरी अडकलंय किंवा लेन्स उलटी आहे, काढा.

काढताना परत हात धुवायचे. वर बघायचं, तर्जनीने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि अंगठा-तर्जनीच्या मऊ भागाने, नखाने नाही, हलकी चिमूट. बुबुळावर असताना चिमटीत पकडायची नाही. कोरडी वाटली तर डॉक्टरांनी सांगितलेले लेन्सवर चालणारे ड्रॉप्स टाकून थोडं थांबायचं. आणि लेन्स डोळ्याच्या मागे जाते हे आजीने कितीही सांगितलं तरी जात नाही, तिथे वाटच बंद असते, फार तर वरच्या पापणीखाली सरकून दडते, खाली बघून पापणीवरून हलकं चोळलं की खाली येते.

रोज किती वेळ घालायची तर मायसाइटच्या अभ्यासात सांगितलेलं होतं दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला किमान ६ दिवस. हे फार महत्त्वाचंय. फक्त शाळेत घालणं आणि घरी आल्या आल्या चष्मा, फक्त लग्नाला घालणं, असं केलं तर पैसे लेन्सचे जातात आणि फायदा मिळत नाही. पहिल्या आठवड्यात हळूहळू वेळ वाढवत न्या, पहिल्या दिवशी चार-पाच तास पुरे. सुरुवातीला अक्षरांच्या कडेला हलकी सावली दिसते, रात्री दिव्यांभोवती वलय दिसतं, बहुतेक मुलांना काही दिवसांत ते जाणवेनासं होतं. दोन-तीन आठवड्यांनीही फळा नीट दिसत नसेल तर सांगा, नंबर किंवा लेन्स बदलावी लागते.

पाणी, झोप आणि लाल डोळा

यावर मी अजिबात तडजोड करत नाही. लेन्सला पाणी लावायचं नाही, नळाचं नाही, बोअरचं नाही, टाकीचं नाही, फिल्टरचं पण नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो लेन्सवरून बुबुळात शिरला तर महिनोन्महिने उपचार चालतात आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून लेन्स घालून आंघोळ नाही, तोंडावर पाणी मारणं नाही, मे महिन्यात गावी गेलं की विहिरीत उड्या नाहीत, स्विमिंग टँक नाही. पोहणारं मूल असेल तर आधी काढा, पोहून झाल्यावर हात धुवून नवी जोडी. रोज फेकायची लेन्स म्हणजे रोजच फेकायची, दुपारी काढून वाटीत ठेवून संध्याकाळी परत नाही, सोल्युशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तर नाहीच. मी मुलांना रोजचीच लेन्स का देते, तर डबी नाही, सोल्युशन नाही, म्हणजे घाण साठायला जागाच नाही.

झोपायचं नाही, शाळेच्या बसमध्ये डुलकी लागली तर लागली, पण दुपारची झोप, रात्रीची झोप लेन्स घालून नाही. होळी आणि रंगपंचमीला सरळ चष्मा. फटाके उडवताना पण चष्मा. पावसाळ्यात घरात कुणाचे डोळे आले असतील तर मुलाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवा, त्याचेच आले तर लेन्स बंद, उघडून ठेवलेली जोडी फेकून द्या, आणि डॉक्टर परत घाला म्हणतील तेव्हाच सुरू. म्हणून चालू नंबरचा चष्मा घरात असलाच पाहिजे, दोन वर्षांपूर्वीचा नाही.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, चिपडं येतायत किंवा धूसर दिसतंय, यातलं काहीही एक झालं तरी लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. उद्या बघू नाही, मेडिकलमधून ड्रॉप्स आणून टाकणं नाही, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि इन्फेक्शनवर स्टेरॉइड पडलं की बुबुळ झपाट्याने बिघडतं. काढलेली लेन्स सोबत न्या. मुलाला हेही सांगून ठेवा की डोळा दुखतोय म्हटलं तर कुणी रागावणार नाही, कारण "लेन्स बंद करतील" या भीतीने मुलं लपवतात.

रात्री घालायची लेन्स आणि बाकीचे पर्याय

ऑर्थो-के म्हणून एक कडक लेन्स असते, रात्री झोपताना घालायची, ती झोपेत बुबुळ मधोमध थोडं चपटं करते, सकाळी काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वयाच्या मुलांवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये निकाल आला, दोन वर्षांत डोळ्याची लांबी ४३ टक्के कमी वाढली. पोहणाऱ्या, कबड्डी-फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना आणि पालकांना ती फार आवडते, शिवाय सगळं घरात, आईबाबांच्या नजरेसमोर होतं हाही मोठा फायदा. पण झोपेत डोळ्याला हवा कमी मिळते आणि वर लेन्स, त्यामुळे बुबुळाच्या इन्फेक्शनचा धोका रोज फेकायच्या लेन्सपेक्षा जास्त, सफाई आणि सोल्युशनची शिस्त कडक पाळावी लागते. ज्यांच्या घरी रात्री बाराला कसंबसं झोपायचं अशी धावपळ असते त्यांना मी ती सुचवत नाही.

लेन्स नकोच असेल तर नंबर रोखणारे खास काचेचे चष्मे आहेत, मायोस्मार्ट आणि स्टेलेस्ट ही नावं ऐकली असतील, आणि कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे ड्रॉप्स आहेत जे डॉक्टरच लिहून देतात. यातलं लेन्सच सगळ्यात भारी असं मी म्हणणार नाही, जे तुमचं मूल रोज न चुकता करेल ते त्याच्यासाठी चांगलं. काही मुलांना दोन उपाय एकत्रही देतात. कमी नंबरचा चष्मा मुद्दाम द्यायचा हे मात्र करू नका, मलेशियात तसं करून पाहिलं होतं, २००२ साली निकाल आले, त्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. डोळे फिरवायचे व्यायाम, गाजर, पायाला तूप, यानेही डोळ्याची लांबी वाढायची थांबत नाही.

आणि लेन्स लावली म्हणून मुलाला घरात कोंडू नका. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळू द्या. चीनमधल्या ग्वांगझूत शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्तीचा बाहेरचा तास ठेवला तर तीन वर्षांत नव्याने नंबर लागणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं, २०१५ मध्ये छापून आलंय. हा उपाय नंबर लागू नये यासाठी जास्त चालतो, म्हणून धाकट्या भावंडाला तर नक्की बाहेर काढा. शाळा, मग क्लास, मग होमवर्क, मग मोबाइल असा दिवस असेल तर निदान क्लासला रिक्षाऐवजी उजेड असताना चालत जाऊ द्या. पुस्तक आणि मोबाइल निदान कोपरापासून मुठीच्या हाडांपर्यंत असतं तेवढ्या अंतरावर, आणि अर्ध्या तासाने उठून खिडकीबाहेर लांब बघायचं.

तपासणी कधी आणि थांबायचं कधी

पहिल्या आठवड्यात, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी, डोळे अगदी ठणठणीत वाटले तरी. सहा महिन्यांनी लांबी परत मोजायची आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहायची. नंबर नसलेल्या मुलाचा डोळाही या वयात वर्षाला थोडा, साधारण ०.१ मिमीच्या आसपास वाढतो, त्यामुळे शून्य यावं अशी अपेक्षा ठेवू नका. पण लेन्स नियमित घालूनही वर्षाला ०.३ मिमी वाढत असेल तर उपाय बदलायचा किंवा ड्रॉप्स जोडायचे का हे डॉक्टरांशी बोला. त्याआधी मुलाला प्रेमाने विचारा की रोज खरंच किती तास घालतोस, कारण अर्ध्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

बंद करायची घाई दहावीला करू नका. अमेरिकेत मायनस नंबरच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा कॉमेट नावाचा अभ्यास होता, त्यात पंधराव्या वर्षापर्यंत जेमतेम निम्म्या मुलांचा नंबर स्थिर झाला होता, अठराव्यापर्यंत साधारण तीन-चतुर्थांश मुलांचा. म्हणजे कॉलेजला गेल्यावरही काहींचा वाढतोच. सलग वर्षभर लांबी आणि नंबर दोन्ही जागच्या जागी असतील तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवा. ब्लिंकमधल्या मुलांच्या लेन्स नंतर बंद करून पाहिल्या तेव्हा मिळालेला फायदा उलटा फिरला नाही, हे चांगलंय. तरी बंद केल्यावर सहा महिन्यांनी एकदा लांबी मोजून घ्या, परत वाढायला लागली असेल तर लेन्स पुन्हा सुरू करता येते.